चारही पॅड शेजारी ठेवून बघा: डाव्या चाकाच्या ब्रेकचा सव्वादोन महिन्यांचा शोध

१६ जून २०२४, रविवार. कराडहून, म्हणजे माहेरून, आईला घेऊन चिपळूणला परतत होते. मागच्या सीटवर आई आणि माझी मुलगी. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला. बारीक पाऊस, धुकं, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. एका वळणावर पुढचा दुधाचा टेम्पो हळू झाला म्हणून ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग हातातून उजवीकडे सरकलं. समोरून एसटी येत होती. अंतर पुरेसं होतं, काही झालं नाही. पण ब्रेक दाबल्यावर आपली गाडी समोरच्या वाहनाच्या अंगावर जायला बघते, ही जाणीव पोटात गोळा आणणारी होती. पुढच्या दोन वळणांवर तेच. सोबत डाव्या बाजूने लोखंडावर लोखंड घासल्यासारखा किर्रर्र आवाज.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला आणि पोफळीला गाडी बाजूला घेतली. डाव्या पुढच्या चाकाजवळ जळका वास येत होता. पावसाचे थेंब रिमवर पडून वाफ होत होते. उजव्या चाकावर तसं काही नव्हतं. अर्धा तास थांबलो. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरला. तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, एकदम गार पाणी पडलं तर ती वाकू शकते.

गाडी २०१९ ची, छोटी पेट्रोल गाडी. पुढे डिस्क, मागे ड्रम. त्या दिवशी ५३,१८० किलोमीटर झाले होते. पुढचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे तुकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ४६,००० च्या आसपास बदललेले. म्हणजे जेमतेम सात हजार किलोमीटरमध्ये पॅड संपले होते. घाटात चालणारी गाडी असली तरी हे फार लवकर होतं.

मंगळवारी, १८ जूनला, सर्व्हिस सेंटरला गेले. जॉबकार्डवर त्यांनी तक्रार लिहिली: ‘ब्रेक नॉइज’. मी ती बदलून घेतली. ‘ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते, डावं पुढचं चाक तापतं, डावीकडून आवाज’ असं माझ्या शब्दांत लिहायला लावलं आणि जॉबकार्डचा फोटो काढून ठेवला. हे प्रत्येकाने करावं. आवाजाची तक्रार लिहिली की आवाज बंद करून देतात. ओढण्याची लिहिली की निदान पुढे त्यावर बोलता येतं.

दुपारी फोन आला, ‘मॅडम, पॅड संपलेत, बदलायचे का?’ मी हो म्हटलं आणि जुने पॅड परत मागितले. नोव्हेंबरमध्ये मागितले नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तेव्हाच कळलं असतं. पॅड २,२८० रुपये, मजुरी ६५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,०४७. कारण विचारलं तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, ‘घाटात तुमचा पाय ब्रेकवर राहत असेल.’ मी अकरा वर्षं हा घाट चालवते आहे. तरी ते ऐकून घरी येईपर्यंत मी स्वतःच्या पायाकडे लक्ष देत होते.

संध्याकाळी मुलीने तिचा व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) आणला आणि आम्ही जुने पॅड जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रांगेत ठेवले. मागची लोखंडी पट्टी सोडून फक्त घासणारा थर मोजायचा. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सहा मिलिमीटरच्या आसपास, आतला किंचित कमी. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड आठ. आणि डाव्या चाकाचा आतला पॅड एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला दीड. नवे असताना सगळे दहाच्या आसपास असतात. म्हणजे चारपैकी एकच पॅड संपला होता, आणि तोही तिरका. सगळ्यात जास्त जाडी शिल्लक होती ती त्याच चाकाच्या दुसऱ्या पॅडची.

माझ्या पायाचा दोष असता तर दोन्ही चाकं सारखी झिजली असती. पाय काही फक्त डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवर दाब देत नाही.

हे असं का होतं ते पुढचे काही दिवस वाचून समजून घेतलं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कॅलिपरला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याला, पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. तो पॅड टेकला की त्याच जोराने सगळा कॅलिपर आतल्या दिशेला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं, एक वर, एक खाली. दोन्ही पिना रबरी बुटात असतात आणि ग्रीसमध्ये सहज हलायला हव्यात. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच काम करतो, आणि पाय उचलल्यावरही डिस्कला चिकटून घासत राहतो. दोन्हीपैकी एकच पिन जाम असेल तर कॅलिपर तिरका होतो, जुन्या कपाटाचा खण एका बाजूने अडकल्यावर होतो तसा, आणि पॅडही तिरका झिजतो.

घाटातलं ओढणंही आता उलगडलं. डावीकडे एकच पॅड नीट धरत होता म्हणून त्या बाजूचा ब्रेक कमी पडत होता आणि गाडी उजवीकडे जात होती. पाय काढल्यावर तोच पॅड घासत राहायचा म्हणून डावं चाक तापायचं.

अर्थात आतला पॅड जास्त झिजला म्हणजे पिनच असं नाही. पिस्टन गंजून परत येत नसेल तरी असंच होतं. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपमध्ये बसतात तिथे गंज धरला तरी पॅड अडकतो. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा खूप जास्त झिजले असतील तर ब्रेकचा रबरी होज पाइप आतून फुगून बंद होत आलाय का तेही बघावं लागतं: तेल दाबाने जातं, पण परत येत नाही.

२२ जूनला जुने पॅड पिशवीत घालून परत सर्व्हिस सेंटरला गेले. वाढीव वॉरंटी ऑक्टोबर २०२४ पर्यंत होती. पॅड हे झिजणारे पार्ट, ते वॉरंटीत येत नाहीत, हे मला मान्य होतं. कॅलिपर येतो का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी गाडीचा इतिहास उघडला आणि त्यात ६ ऑगस्ट २०२१ ची नोंद निघाली: ‘पुराचं पाणी, ब्रेक क्लिनिंग, ऑइल बदल.’

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून गेलं तो दिवस. आमची इमारत जरा उंचावर आहे. आमच्याकडे पार्किंगमध्ये पाणी निम्म्या चाकापर्यंत चढलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. शेजारपाजारच्यांच्या गाड्या, दुकानं, घरं गेली होती, त्यामुळे आपली गाडी स्टार्ट झाली यातच आम्ही समाधानी होतो. विमा क्लेमही केला नव्हता. पण निम्म्या चाकापर्यंत पाणी म्हणजे कॅलिपर गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडालेला. ही गोष्ट मला तीन वर्षांनी त्या काउंटरवर उभी असताना सुचली.

फोटो कंपनीकडे पाठवतो म्हणाले. एका अर्जावर सही, आरसीची प्रत, वॉरंटीच्या कागदाची प्रत, दोन्ही जॉबकार्डांच्या प्रती. कॅलिपर उघडून बघा अशी विनंती केली, तर मंजुरी आल्याशिवाय उघडता येणार नाही असं उत्तर मिळालं. नऊ दिवसांनी, १ जुलैला, मेसेज आला: पुराची नोंद असल्यामुळे दावा स्वीकारता येत नाही. नियम तसा असेल, त्यावर मी वाद घातला नाही. पण नऊ दिवसांत कुणीतरी दोन बोल्ट काढून पिन हलवून बघितली असती, तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

जुलैभर पाऊस कोसळत होता. नव्या पॅडमुळे आवाज गेला होता, गाडी ओढायचीही फारशी नाही. पण आता मी दर रविवारी एक गोष्ट करत होते. बाहेरगावच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर गाडी चालवायची, शेवटचा टप्पा शक्यतो कमी ब्रेक वापरत, आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात धरायचा. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. नुसता रिमजवळ धरला तरी फरक कळतो. डावीकडे प्रत्येक वेळी धग. करोनात घेतलेली कपाळाची थर्मामीटर बंदूक घरात होती, तिने बघितलं. ती माणसाच्या तापाच्या पलीकडचं दाखवत नाही. याच कामासाठीची बंदूक नवऱ्याच्या मित्राकडून आणली. दोन्ही चाकांवर एकाच जागी धरली तेव्हा डावं १४० अंशांच्या पुढे, उजवं ८० च्या आत. चकचकीत धातूवर ही बंदूक चुकीचा आकडा देते, म्हणून पॅडच्या काळ्या कडेवर धरायची आणि आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक बघायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणमधल्याच एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी डिस्क खराब झाली म्हणून लेथवर घासून दिली. ७०० रुपये. डिस्क गुळगुळीत झाली, चाक तापायचं ते तापतच राहिलं. डिस्क घासायला देण्याआधी तिची जाडी मोजायला लावा. कमीत कमी किती जाडी चालते हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. आमची डिस्क सुदैवाने त्या मर्यादेच्या वर राहिली.

शेवटी १७ ऑगस्टला, शनिवारी, गाडी कराडला घेऊन गेले. बाबांच्या वेळेपासूनचे मिस्त्रीकाका तिथे आहेत. सत्तरी गाठली आहे, आता हाताखालची मुलं काम करतात, काका स्टुलावर बसून सांगतात. मी पॅडची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चारही पॅड उलटसुलट बघितले आणि एवढंच विचारलं, ‘वरची पिन कुनी भायेर काढली हुती का गं पोरी?’

मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, ‘न्हायच काढली. पॅड बदलताना खालचा बोल्ट काढत्यात, कॅलिपर वर उचलत्यात, पॅड टाकत्यात, बोल्ट लावत्यात. धा मिनिटाचं काम. वरची पिन तितंच ऱ्हाती, वर्सानुवर्सं.’

तरी त्यांनी थेट पिनेला हात घातला नाही. हे मला फार आवडलं. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला. मुलाने ब्रेक दाबून सोडला. डावं चाक हाताने फिरवलं तर दोन्ही हातांचा जोर लागत होता. मग कॅलिपरचा एअर काढायचा निपल, म्हणजे तेलातली हवा सोडायची तोटी, पाव आटा सैल केला. तेलाचे दोन-चार थेंब आले, चाक तसंच घट्ट. ‘तेलाचा दाब आत अडकला आसता तर आता चाक सुटलं आसतं. म्हंजे पाइप बरा हाय.’ निपल बंद. मग कॅलिपर उतरवला, पाइपवर लोंबकळू नये म्हणून तारेने स्प्रिंगला बांधला. क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे दाबला, तो सरळ आणि एकसारखा आत गेला. म्हणजे पिस्टनही बरा. खालची पिन बोटाने हलत होती. वरची पिन पान्यानेही हलेना.

गंजाचा स्प्रे मारून ती तासभर तशीच ठेवली. मग पिना ज्यात बसतात तो ब्रॅकेट व्हाइसमध्ये पकडून पान्याने पिन पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहिले. हातोडा मारायचा नाही, हे काकांनी मुलाला तीनदा सांगितलं. पिन आत तुटली तर सगळा ब्रॅकेट बदलावा लागतो. दोन तासांनी ती बाहेर आली. मधोमध तपकिरी गंजाचं कडं, आणि टोकाला वाळलेला, बारीक, पिवळसर चिखल. तिचा रबरी बूट मागच्या बाजूने चिरला होता, वरून दिसत नव्हता. काकांनी तो चिखल नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो गाळ मी ओळखते. पुरानंतर महिनाभर आम्ही तोच घरातून, जिन्यातून, गल्लीतून काढत होतो. मला भरून आलं. आणि त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं, कारण दोन महिने जे मी सांगत होते त्याचं कारण आता हातात होतं.

मग वाट बघणं आलं. दोन्ही पिना आणि बुटांचा किट कराडात मिळाला नाही. ऑर्डर देताना दुकानदाराने चासी नंबर मागितला, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे कॅलिपर येतात. आरसीचा फोटो मोबाईलमध्ये होता म्हणून काम झालं. सोमवारी राखी पौर्णिमा, मग गणपतीआधीची गर्दी. गाडी काकांकडे ठेवून मी एसटीने चिपळूणला गेले. किट शुक्रवारी २३ तारखेला आला, शनिवारी मी परत कराडला.

बसवताना मी शेजारी उभी होते. पिनेचं भोक गोल तारेच्या ब्रशने घासून, ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडं केलं. दोन पिना सारख्या दिसतात पण नसतात. आमच्या गाडीत एकीच्या टोकाला रबरी बुश आहे. ती ज्या जागेची आहे तिथेच जायला हवी. अदलाबदल झाली तर पुन्हा अडकते. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर बुटांचं रबर फुगतं आणि वर्षभरात आपण परत तिथेच येतो. पिन बसवल्यावर काकांनी मला अंगठ्याने दाबून बघायला सांगितलं. ती मऊसूत आत गेली, सोडल्यावर आतल्या हवेने किंचित बाहेर आली. पिना नीट आहेत याची खूण म्हणजे हे सरकणं, ते मला बोटाने कळलं.

जूनमध्ये टाकलेले पॅडही तोवर बिघडले होते. अडीच हजार किलोमीटरमध्ये डावा आतला साडेसात, बाहेरचा साडेनऊ, आणि पुन्हा तिरका. काकांनी दोन्ही चाकांना नवा सेट घ्यायला लावला. एकाच बाजूचे पॅड कधीच बदलू नयेत, दोन्ही चाकांचा ब्रेक सारखा लागला पाहिजे. पॅडच्या कानांच्या क्लिपा काढून खालचा गंज घासला, नव्या क्लिपा लावल्या. उजव्या चाकाच्या दोन्ही पिनाही बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून बसवल्या. त्या चांगल्या होत्या.

ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं. पुरानंतर बदललेलं, तीन वर्षं झाली होती. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. एक चाक १४० दाखवत असताना मी ते तेल घेऊन घाट उतरत होते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं आता वहीत लिहून ठेवलं आहे. रंगावर सांडू देऊ नका, रंग उतरतो.

पॅड २,०५०, किट ६४०, ग्रीसची ट्यूब २८०, ब्रेक ऑइल ३१०, मजुरी ९००. एकूण ४,१८०. जूनचे ३,०४७ आणि लेथचे ७०० धरले तर सगळे मिळून ७,९२७ रुपये गेले. मूळ दुखणं ६४० रुपयांच्या किटचं.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत सात-आठ वेळा दाबायचं, हे विसरू नका. पिस्टन मागे दाबलेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग पाटण रस्त्यावर, मागे वाहन नसताना, पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत सावकाश ब्रेक, असं आठ-दहा वेळा केलं, मध्ये पॅड गार होऊ देत. पूर्ण थांबायचं नाही. नवे पॅड डिस्कवर असे बसतात. पहिल्या दोन-तीन वेळा जरा वास येतो, तो जातो.

त्याच संध्याकाळी घाट उतरले. एकटीच होते. त्या वळणावर ब्रेक दाबला, स्टिअरिंग सरळ राहिलं. पोफळीला थांबून दोन्ही चाकांजवळ हात धरला. दोन्हीकडे सारखी ऊब.

७ सप्टेंबरला गणपती बसले. त्याच्या दोन दिवस आधी आईला कराडहून आणलं, आणि विसर्जनानंतर परत सोडलं. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, मी आणि मुलीने चाकं काढून पिनांचे बूट बघितले. चिर नव्हती.

१६ फेब्रुवारी २०२५ ला, ६१,४०० किलोमीटरवर, काकांकडे पॅड काढून मोजले. डावा आतला ७.८, बाहेरचा ८.१. उजवा आतला ७.९, बाहेरचा ८. मुलीने आकडे वहीत जूनच्या आकड्यांखाली लिहिले आणि पुढची तारीख घातली: ऑगस्ट, गणपतीच्या आधी, वरची पिन बाहेर काढून.